आखूड दांड्याचं ओगराळं

परबेच्या, बाजारातल्या जुन्या पाणपोईच्या, खिडकीला काच बसवली आहे, हे कुंजलच्या ध्यानात आलं ते काचेत तिला स्वतःचाच चेहरा दिसला म्हणून. इतकी वर्षं त्या खिडकीत तिचे वडील, बापुजी, दिसायचे. ते जेवायला घरी गेले असले, तर माठाच्या गळ्याला गुंडाळलेलं ओलं फडकं दिसायचं.

"काच कशाला, झालभाई?"

"धूळ, कुंजलबेन. कबुतरं. आणि पान खाऊन थुंकणारे तुमचे शेजारी." झाल कॉन्ट्रॅक्टर हा आडनावाने कॉन्ट्रॅक्टर आणि पेशाने वास्तुविशारद. जुन्या इमारती दुरुस्त करणं हेच त्याचं आयुष्य होतं, आणि काम तो मनापासून करायचा. पोरबंदरी दगडावरचा शंभर वर्षांचा काळा थर त्याने मऊ ब्रशने काढून घेतला होता. माथ्यावरचा घुमट, पक्ष्यांसाठीची वाटी, गुरांसाठीचं कुंड, समोरचे सिंहाच्या तोंडाचे पितळी नळ, सगळं लखलखत होतं. नळांच्या मागे पाइप नव्हता. तो कधीच तुटला होता, आणि पुन्हा जोडायचा कोणाचा विचार नव्हता.

काचेच्या आत लाल मखमलीवर, छोट्याशा दिव्याखाली, बापुजींचं ओगराळं ठेवलं होतं. शेजारी कार्ड होतं: 'जलपात्र. एकोणिसावं शतक. आखूड दांड्याचा दुर्मिळ नमुना.'

कुंजलने ते शांतपणे वाचलं. "हे बापुजींनी कंसारा चाळीतून आणलं, तेव्हा मी नववीत होते."

"खरं सांगता?"

"आणि दांडा आखूड नव्हता. तो कापून घेतलाय."

झालने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "डिकरी, आता हे कोणाला सांगू नका. कार्ड छापून झालंय."

ती हसली नाही. हिवाळ्यात बापुजी गेले तेव्हापासून तिला हसू यायचं ते उशिरा, घरी गेल्यावर, भांडी घासताना वगैरे. ती एवढंच म्हणाली, "आखात्रीजेला, अक्षय्य तृतीयेला, उद्घाटन आहे. त्या दिवशी इथे पाणी असायला हवं."

"पाणी म्हणजे शेवाळ, कुंजलबेन. आणि शेवाळ म्हणजे दगड गेला. शिवाय कोणाला त्या पाण्याने काही झालं, तर सगळे माझ्या नावाने ओरडतील. मनहरभाई आपल्या सोन्याच्या पेढीतून इतका खर्च करतायत, त्यांना नको आहे ही भानगड."

"दगड पाण्यासाठी बसवलाय, झालभाई. पाणी दगडासाठी नव्हतं आणलं."

"वाक्य छान आहे," झाल म्हणाला. "पण नाही."

परब काथा बाजाराच्या तोंडाशी उभी होती. घरात तिला परब म्हणत, माथाडी लोक पाणपोई म्हणत, आणि नव्या पाटीवर 'जलवारसा स्मारक' असं काहीतरी आलं होतं. कुंजलच्या पणजोबांनी, शेठ लखमीदास आशर यांनी, ती बांधली. त्यांची मुलगी कुंज सासरी जायच्या आधीच तापाने गेली. तापात ती पाणी मागत होती आणि वैद्याने पाणी बंद केलं होतं. म्हणून बापाने भर बाजारात तिच्या नावाने पाणी मांडलं. साहेबाने नळ दिले. पण त्या काळी निम्मा बाजार नळाचं पाणी पीत नसे. नळात चामड्याचा वायसर असतो, पाणी बाटतं, असं म्हणत. म्हणून लखमीदासांनी बाजूला एका माणसापुरती खोली काढली आणि तिला खिडकी ठेवली. तिच्यात ब्राह्मण बसून विहिरीचं पाणी ओंजळीत ओतायचा, लांब दांड्याच्या ओगराळ्याने, वरून. पिणाऱ्याचा हात भांड्याला लागू नये आणि त्याची सावली माठावर पडू नये, इतका लांब दांडा.

नळ सुकले, ब्राह्मणही परवडेनासा झाला, तेव्हा खिडकीत बापुजी स्वतः बसू लागले. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी दांडा कापून आणला. "लांब दांडा माणसाला लांब ठेवायला असतो," ते म्हणाले, आणि तो विषय संपला. त्यांच्या बहिणीने, कुंजलच्या फोईने, त्यानंतर दिवाळीपर्यंत त्यांच्याशी अबोला धरला होता.

*

रविवारी कुंजल एकटीच फोर्टात गेली. बापुजींचा तो नेम होता. लहानपणी ते तिला बोट धरून न्यायचे, आणि लोक ज्या इमारतींकडे माना वर करून बघत, त्यांच्याकडे ते पाठ फिरवून उभे राहायचे. "कमानी पुस्तकात आहेत, बेटा. पुढे मोठी झालीस की वाच. आता सांग, तहान लागली तर इथे पाणी कुठे मिळेल?" ती पुढे मोठी झाली, तिने सगळं वाचलं, कॉलेजात इतिहास शिकवला. पण शहराचा तिच्या डोक्यातला नकाशा बापुजींचाच राहिला. कुठल्या गव्हर्नराच्या काळात काय उभं राहिलं हे तिला आठवून सांगावं लागे. कुठे कोणाच्या नावाचं पाणी होतं, हे पायांनाच माहीत होतं.

बँकेच्या दारातल्या संगमरवरी कुंडात आता क्रोटनची झाडं होती. पोस्टाच्या मागच्या पाणपोईला मोबाइलच्या कव्हरांनी झाकून टाकलं होतं, आणि विकणारा पोरगा म्हणाला, "मावशी, ह्याच्या आत काहीतरी दगडाचं आहे, मलाही नक्की माहीत नाही." एक पाणपोई भुयारी मेट्रोच्या निळ्या पत्र्यांआड गेली होती. असेल किंवा नसेल. जिथे जुन्या कापड कंपनीची कचेरी होती तिथे काचेचा मनोरा उभा होता, आणि त्याच्या पायाशी कारंजं होतं. कारंज्यापाशी सूचना: पाणी पिण्यायोग्य नाही.

मैदानाच्या कोपऱ्यावर एक मात्र चालू होती. टॅक्सीवाले बाटल्या भरत होते. तिथेच एक हेरिटेज वॉक येऊन थांबला, गळ्यात पट्ट्या घातलेली मंडळी, पुढे एक चुणचुणीत मुलगी. "म्हणजे बघा," ती सांगत होती, "इंग्रजांनी नुसती सत्ता नाही आणली. त्यांनी ह्या शहराला पाणी पाजलं."

कुंजल बाटली भरत होती. तिने झाकण लावलं. "दगडावर, त्या इंग्रजी नावाच्या खाली एक ओळ आहे," ती म्हणाली.

"हो, ती बहुतेक नक्षी आहे."

"गुजराती आहे. वाचू का?" आणि तिने वाचलं. कोणा भीमजीने आपल्या आंधळ्या आईच्या आठवणीत हे पाणी मांडलं होतं, येणाऱ्याजाणाऱ्याने प्यावं आणि आईला दुवा द्यावा, एवढंच. वर इंग्रजीत ज्या साहेबाचं नाव होतं त्याने फीत कापली होती.

मंडळींनी त्या ओळीचे फोटो काढले. मग एक म्हातारे गृहस्थ पुढे झाले, ओंजळीने पाणी प्यायले आणि बाकीच्यांना म्हणाले, "अरे, प्या की. नुसते फोटो काय काढताय."

परत येताना तिचं ठरलं. काय करायचं ते ठरलं नव्हतं, करायचं एवढं ठरलं होतं.

*

फोई मर्जादी, कडक सोवळं पाळणारी वैष्णव होती. ऐंशी पार केली तरी पहाटे उठून, न्हाऊन, चौकातल्या विहिरीतून स्वतःच्या हाताने दोरी ओढून तांब्या भरायची, आणि दिवसभर तेवढंच पाणी प्यायची. न्हाल्यापासून जेवण होईपर्यंत ती अपरसमध्ये. त्या वेळात तिला कोणी शिवायचं नाही. कोणाचा पदर जरी लागला तरी पुन्हा स्नान, आणि स्नान होईपर्यंत पाण्याचा थेंब नाही. कुंजलचं अख्खं बालपण फोईपासून हातभर अंतरावर गेलं होतं. त्या अंतराचा तिला मनस्वी राग होता. तो तिने कधी बोलून दाखवला नाही, नुसती पुस्तकं वाचत राहिली.

"नळात आता चामडं नसतं, फोई. रबर असतं," बापुजी चिडवायचे.

"रबर कुठल्या जनावराचं असतं?" फोई विचारायची. भाऊ हसून लोटपोट व्हायचा आणि ती तोंड फिरवून जपाची माळ ओढायची.

आता चिडवायला कोणी नव्हतं. रविवारी संध्याकाळी कुंजलने तिला काच, मखमल आणि कार्ड, सगळं सांगितलं.

"एकोणिसावं शतक?" फोई म्हणाली. "त्या कासाराचा मुलगा अजून जिवंत आहे."

"पाणी नाही म्हणतात."

"मग तू काय म्हणालीस?"

"पाणी हवं म्हणाले."

"शिकलेली माणसं," फोई म्हणाली. "एकदा म्हणायचं आणि घरी यायचं." थोडा वेळ ती माळेचे मणी ढकलत राहिली. "आखात्रीजेला आपल्याकडे पाण्याचा घडा देतात. गेलेल्या माणसाला तिकडे तहान लागू नये म्हणून. तुझ्या बापाचा हा पहिलाच घडा. तो कुठे द्यायचा? त्या सोनाराच्या मखमलीवर?"

"आत जायची किल्ली त्यांच्याकडे आहे, फोई."

"उद्घाटनाला दार उघडतील ना?"

"मला आत जाऊन दिव्याचं बटण दाबायचंय. घराण्यातलं कोणीतरी हवं म्हणून."

"घराण्यात मीही आहे," फोई म्हणाली. "कुठल्या साडीत यायचं ते सांग."

सोमवारी कुंजल सर्जेराव निकमांकडे गेली. ते माथाडी टोळीचे मुकादम, पाटण तालुक्यातले. सुताच्या गाठी उचलून मान खांद्यात बसलेली. बापुजींच्या खिडकीचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. तिने हळू आवाजात, माठ आणता येतील का, एवढंच विचारलं.

"ताई, येतील का म्हणजे? आम्ही आयुष्यभर काय केलं?" सर्जेराव म्हणाले. "पण मांडव घालतायत, पोरं उभी केल्यात दाराशी, काळ्या कपड्यांतली."

"तेच म्हणते मी."

"ह्या बाजारात पाठीवर ओझं असलेल्या माणसाला कोणी विचारत नाही, कुठं चाललास. बाजूला व्हतात. ते तुम्ही आमच्यावर सोडा." मग टोपी सारखी करत त्यांनी विचारलं, "शेठ होते तसं गार हुईल का पण? शेठ वाळा टाकायचे."

"वाळा मी आणते," कुंजल म्हणाली.

*

आखात्रीजेला सकाळीच ऊन चढलं होतं. मांडव पिवळा, खुर्च्यांना पांढरे झगे, आणि सगळीकडे मनहरभाईंच्या पेढीचे फलक: अक्षय्य दिवस, अक्षय्य सोनं. पाहुण्यांसाठी गुलाबी सरबताचे बंद पेले होते. मांडवाच्या दोरीपलीकडे हातगाड्या अडकून पडल्या होत्या आणि गाडीवाले कपाळ पुसत आत बघत होते.

फोई पांढऱ्या साडीत, ओल्या केसांनी, कोणाच्या अंगाला अंग लागू न देता मधून चालत आली. तिच्या हातात झाकलेला तांब्याचा घडा होता, विहिरीतून स्वतः भरलेला. लोक आपोआप बाजूला झाले. मनहरभाईंनी लांबूनच वाकून हात जोडले. "जय श्रीकृष्ण, फोईबा. तुम्ही आलात, आमचं भाग्य."

"जय श्रीकृष्ण. दार कुठे आहे?"

भाषणं झाली. झाल चांगला बोलला, दगडावर फार मायेने बोलला. मग मनहरभाईंनी किल्ली कुंजलच्या हातावर ठेवली. तिने दार उघडलं आणि बाजूला झाली. फोई आत गेली, कोपऱ्यातल्या दगडी ओट्यावर बसली, घडा पुढ्यात ठेवला. मखमलीवरचं ओगराळं उचललं, पदराने पुसलं, आणि मखमल घडी करून स्वतःच्या पाठीशी घेतली.

"कुंजलबेन," झाल घाईने जवळ आला, "माँजी कधी बाहेर येतील? बटण राहिलंय."

"त्या बसल्यात, झालभाई."

"ते दिसतंय मला. किती वेळ?"

"बापुजी उन्हाळाभर बसायचे."

आतून टकटक ऐकू आली. फोई ओगराळ्याने काचेवर ठोकत होती. "ए भाई, चष्मेवाला. ही काच काढ. नाहीतर मी फोडते."

"माँजी, नका. चौकटीला धक्का बसेल, फार नाजूक आहे ती."

"म्हणून तर तुला सांगतेय. मला कुठे नाजूक काम येतं?"

तेवढ्यात मांडवामागून आरोळी आली. "चला बाजू! पाठीला पाठ! बाजू!" आणि सर्जेरावांची टोळी पाठीवर माठ घेऊन एकामागे एक आत शिरली. काळ्या कपड्यांतली पोरं सवयीने बाजूला झाली, आणि बाजूला झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. माठ गुरांच्या कुंडाच्या काठावर ओळीने उतरले. वाळ्याचा वास सुटला. तो वास आला आणि कुंजलला क्षणभर काही दिसेना. तिने मांडवाचा बांबू धरला आणि मग सोडला.

"हे काय चाललंय?" मनहरभाई म्हणाले. आवाज चढवलेला नव्हता, पण मान लाल झाली होती. "झालसाहेब, माँजींना जरा हाताला धरून बाहेर आणा ना कोणीतरी."

एक पोरगा दाराकडे निघाला. कुंजल वाटेत उभी राहिली. आयुष्यभर ज्या शब्दाचा तिने तिरस्कार केला होता, तो तिने स्पष्ट, वर्गात शिकवावा तशा आवाजात उच्चारला. "फोई अपरसमध्ये आहेत, मनहरभाई. कोणी हात लावला तर पुन्हा स्नान होईपर्यंत त्या पाणी घेणार नाहीत. वय तुम्ही बघताय, ऊनही बघताय. आज आखात्रीज. तुम्ही वैष्णव आहात. लावा हात."

मनहरभाईंनी पोराला दंडाला धरून मागे ओढलं.

"म्हणजे कशात आहेत त्या?" झालने विचारलं.

"ते तुम्हाला नाही कळायचं," मनहरभाई हताशपणे म्हणाले. "माझी आईही तशीच होती. कोणी शिवायचं नाही. मीसुद्धा नाही."

"मग आता?"

"आता काय. त्या उठतील तेव्हा उठतील."

मांडवात कुजबुज झाली, कोणीतरी हसलं. दोरीपलीकडचे गाडीवाले पुढे सरकले होते. झाल एकदा दगडाकडे, एकदा म्हातारीच्या हातातल्या ओगराळ्याकडे बघत उभा राहिला. मग तो पिशवी उघडून आतला पेचकस शोधू लागला. "चौकट मी बसवलीय," तो पुटपुटला, "फोडायची असली तरी मीच काढणार." स्क्रू सोडताना त्याचे हात सावध होते. काच त्याने दोन्ही हातांनी उतरवली आणि पिवळ्या मांडवाला टेकवून ठेवली. तिच्यात आता हातगाड्या दिसत होत्या.

"शेवाळ आलं तर?" त्याने कुंजलला विचारलं.

"दर आठवड्याला घासायचं. बापुजी नारळाच्या काथ्याने घासायचे. काथा बाजार आहे, झालभाई."

झालने पेचकस पिशवीत टाकला. "काथ्याने नाही," तो म्हणाला. "मऊ ब्रशने. मी दाखवीन."

फोईने घड्यावरचं फडकं काढलं. भावाचं नाव घेतलं नाही, त्याच्या गोत्राचं नाव पुटपुटली आणि पहिलं ओगराळं भरलं. "कोण आहे तहानलेलं? या. रांगेत या. सरबत प्यायलेल्यांनी मागून."

पहिले सर्जेराव पुढे झाले. टोपी काखेत मारली, वाकले, ओंजळ खिडकीशी धरली. दांडा आखूड होता. फोईचा हात पुढे येऊन येऊन त्यांच्या ओंजळीच्या अगदी वर आला, पाणी सांडलं, आणि तिची बोटं त्यांच्या बोटांना लागली.

सर्जेराव जागच्या जागी थिजले. ओंजळ तशीच. "फोईबा, माझा हात लागला."

मनहरभाईंनी डोळे मिटून घेतले. कुंजल खिडकीकडे दोन पावलं गेली. फोई आता दिवसभर कोरडी राहणार, उन्हात, ह्या दगडी कपारीत. हे तिच्या हिशेबात नव्हतं. "फोई, चल घरी. मी बसते आता."

"लागायचाच," फोई म्हणाली. "त्याने दांडा कापून ठेवलाय, दुसरं काय होणार?" तिने ओगराळं पुन्हा घड्यात बुडवलं. "संध्याकाळी न्हाईन. तोवर मी पिणार नाही. पाजायला कोणी मना केलंय? प्या हो मुकादम, गळतंय सगळं."

सर्जेराव प्यायले, आणि घडा संपत आला तसा टोळीने एक माठ दारातून आत सरकवला. मागून गाडीवाले आले, मग मांडवातला एक ढोलवाला, मग काळ्या कपड्यांतला तोच पोरगा, जरा लाजत. दुपार कलेपर्यंत पांढरे झगे घातलेल्या खुर्च्या कोणीतरी सावलीला नेऊन ठेवल्या. मनहरभाई गेले नाहीत. ते दाराशी उभे राहून, आईच्या वेळी राहत असावेत तसे हातभर अंतरावरून, दर थोड्या वेळाने विचारत होते, "फोईबा, बरं वाटतंय ना?"

"तू बाजूला हो, वारा अडतो," फोई म्हणत होती.

रांग जरा विरळ झाली तेव्हा कुंजल तिच्यात उभी राहिली. पुढचा गाडीवाला म्हणाला, "ताई, तुम्ही घरच्या, पुढं जा." ती नाही म्हणाली. तिची पाळी आली तेव्हा तिने वाकून दोन्ही हात खिडकीशी धरले. काचेशिवाय आत अंधार होता, ओला, वाळ्याचा.

फोईने तिच्याकडे पाहिलं. ओगराळं काठोकाठ भरलं आणि सावकाश ओतलं. दुसऱ्या हाताने तिने कुंजलची ओंजळ खालून धरली, आणि पाणी संपलं तरी सोडली नाही.

"सांडू नकोस," ती म्हणाली. "मागे माणसं आहेत."